न दिसणाऱ्याचा फोटो



संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय असा आहे : ‘विज्ञान आणि छायाचित्रण यांतून सूक्ष्म विश्वाचा शोध’. या विषयावर तासभर बोलणं तसं सोपं. पडदा लावायचा, माशीचा डोळा दाखवायचा, फुलपाखराच्या पंखावरचे खवले दाखवायचे, मुंगीचा जबडा दाखवायचा. प्रत्येक चित्राला सभागृहातून ‘अरे वा’ येतं आणि वेळ छान जातो. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानवाल्याला चित्र दाखवलं की तो आधी विचारतो, हे कशाचं? आणि दुसरं विचारतो, कशावरून? (हशा) म्हणून आज पडदा नाही. आज आपण फक्त तीन चित्रांची चिकित्सा करणार आहोत, आणि ती तिन्ही तुम्ही पाहिलेली किंवा ऐकलेली आहेत. तिन्ही एकाच वस्तूची आहेत आणि तिन्ही २०२० सालच्या पहिल्या तीन महिन्यांतली आहेत. वस्तू म्हणजे करोनाचा विषाणू.

पहिलं चित्र मुंबईतलं, वरळीचं. ९ मार्च २०२० ला होळी होती. वरळीत त्या वर्षी ‘कोरोनासुरा’चा पुतळा उभारून जाळला. मुंबईत त्या त्या वर्षाच्या संकटाचा पुतळा होळीत जाळायची पद्धत आहे, त्यातलाच हा प्रकार. सुशिक्षित माणसं याला हसली. आम्हाला त्यात हसण्यासारखं फार काही वाटत नाही. आपल्याकडे रोगाला रूप द्यायची जुनी रीत आहे. गावाच्या वेशीवर मरीआई आहे, देवीच्या रोगाला शीतला आहे. जे दिसत नाही त्याच्याशी बोलता येत नाही, भांडताही येत नाही. रूप दिलं की नवस बोलता येतो, नाहीतर काडी लावता येते. शिवाय या पुतळ्याचा एक प्रामाणिकपणा आहे. विषाणू असाच दिसतो, असा त्याचा दावाच नाही. त्याला शिंगं आहेत का दाढा, यावर वाद घालायला कोणी बसत नाही. त्याचा दोष वेगळा आहे. पुतळा जळाला की काम झालं असं वाटतं. होळीनंतर साधारण पंधरवड्याने सगळा देश कुलूपबंद झाला, हे आपण जाणतोच.

दुसरं चित्र अमेरिकेतलं. अटलांटा इथल्या रोग नियंत्रण केंद्रातल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन वैद्यकीय चित्रकारांनी ते जानेवारी २०२० मध्ये तयार केलं. करड्या रंगाचा गोळा आणि त्यावर उठलेले लाल काटे. हे चित्र तुम्हाला वर्णन करून सांगायला नकोच. टीव्हीवर निवेदकाच्या खांद्यामागे तेच, पेपरात तेच. गावोगावच्या भिंतींवर पेंटरांनी रंगवलेल्या सूचना आठवा : मास्क वापरा, हात धुवा, आणि बाजूला डोळे वटारलेला लाल काटेरी चेंडू. मूळ चित्राला अर्थातच डोळे नव्हते. ते आपल्या पेंटरांनी दिले, म्हणजे कोरोनासुर भिंतीवर परत आलाच म्हणायचा!

हे चित्र थापेबाजी आहे असं आम्ही अजिबात म्हणत नाही. विषाणूच्या प्रथिनांबद्दल जे माहीत होतं त्याच्या आधाराने ते रचलेलं आहे. काटे आहेत ते खरेच आहेत, आणि त्या काट्यांनीच विषाणू आपल्या पेशीला धरतो. पण या चित्राने लोकांच्या मनात फोटोची जागा घेतली. ‘करोना असा दिसतो’ असं आपण पोरांना सांगितलं. चिकित्सा करायची ती इथे. यात दोन गोष्टी तपासू : माप आणि रंग. तिसरी एक आहे, ती नंतर.

मापाची गोष्ट. हा विषाणू साधारण ७५ नॅनोमीटरचा धरू. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आकडा ऐकून काहीच कळत नाही, म्हणून आपल्या शेतातलं माप घेऊ. विषाणू फुगवत फुगवत बाजरीच्या दाण्याएवढा, म्हणजे दोन मिलिमीटरचा केला, तर त्याच प्रमाणात डोक्याचा एक केस दोन मीटर जाड होईल. साडेपाच फुटी माणूस चव्वेचाळीस किलोमीटर लांब होईल. सिन्नरहून नाशिक तीसेक किलोमीटर. म्हणजे पाय सिन्नरात ठेवून हा गडी आडवा झाला तर डोकं नाशिकच्याही पुढे जाईल, आणि त्याच्या घशात बाजरीचा एक दाणा! हे प्रमाण त्या चित्रात कुठेच नव्हतं. गोळा एकटाच, मागे मोकळी पार्श्वभूमी, शेजारी मापाला काहीही नाही. मग तो कोणाला क्रिकेटच्या चेंडूएवढा वाटला, कोणाला पृथ्वीएवढा.

आता रंग. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने दोनशे नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. त्याखाली ते एकमेकांत मिसळतात. आमचा विषाणू ७५ चा. ज्या लाटेने रंग कळायचा ती लाटच त्याच्यापेक्षा पाच ते नऊ पटीने मोठी आहे. समुद्राच्या लाटेने किनाऱ्यावरच्या वाळूच्या एकेका कणाचा आकार सांगावा, अशी अपेक्षा करण्यासारखं हे आहे. ‘विषाणूचा काटा लाल आहे’ या वाक्याला खोटं म्हणावं इतकाही अर्थ उरत नाही. तो लाल चित्रकाराने निवडला. लक्ष वेधायला निवडला, आणि लक्ष वेधलं गेलं. त्या आणीबाणीत ते गरजेचंही असेल. पण लाल रंगाबरोबर भीतीही आली, आणि ती भीती विषाणूच्या अंगची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

तिसरं चित्र आपल्या पुण्याचं. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली, १९७८ पासून आजचं नाव. भारतातला करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात निश्चित झाला. त्याच्या घशातल्या स्रावाच्या नमुन्यातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणूचे फोटो घेतले, आणि मार्चच्या अखेरीस ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापले. बातम्यांतही तेव्हा ते आलं. आठवतंय कोणाला? बहुतेकांना नाही आठवणार. कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. करड्या, डागाळलेल्या पार्श्वभूमीवर एक फिकट गोल. कडेला जरा झालरीसारखं काही. बस्स.

आमच्या मते तिन्हींत मोलाचं चित्र हेच, आणि लोकांपर्यंत सगळ्यात कमी पोचलं तेही हेच. का मोलाचं, ते पाहू.

हा फोटो कसा होतो? नमुना आधी रसायनाने स्थिर करतात, म्हणजे जिवंतपणीच्या सगळ्या हालचाली थांबल्या. मग तांब्याच्या बारीक जाळीवर ताणलेल्या कार्बनच्या पापुद्र्यावर तो ठेवतात. मग टंगस्टन या जड धातूचा क्षार त्यावर सोडतात. हा क्षार कणाच्या भोवती साचतो. इलेक्ट्रॉनांचा झोत आला की क्षार त्यांना अडवतो, म्हणून भोवतालचं काळं दिसतं. कण अडवत नाही, म्हणून तो फिकट दिसतो. भिंतीवर हाताचा पंजा ठेवून भोवती गेरू फवारला आणि पंजा उचलला, तर भिंतीवर जे उरतं, तसंच हे. आपण जे पाहतो ती गेरू नसलेली जागा असते. आमच्या वैशेषिकांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानला तेव्हा विद्यार्थी विचारायचे, नसण्याला पदार्थ कसं म्हणायचं? त्यांनी हा फोटो पाहावा. इथे विषाणू कळतो तो रंग कुठे नाही त्यावरून.

आणि असे कण किती सापडले? तपासलेल्या सगळ्या क्षेत्रांत मिळून सात. सात कण, प्रत्येक सत्तर ते ऐंशी नॅनोमीटरच्या दरम्यान. त्यातला एक ७५ चा, त्यावर झालर स्पष्ट. हे सगळं लेखात लिहिलेलं आहे : नमुना कुठून, रसायन कोणतं, यंत्र कोणतं, कण किती. आम्ही मोलाचा म्हणतो तो यासाठी. हा फोटो स्वतःचा हिशेब स्वतः देतो. तो म्हणतो, मला असं असं करून काढलंय, शंका असेल तर तुम्हीही करून पाहा. लाल काट्यांचं चित्र असा हिशेब बघणाऱ्याला देत नाही, आणि कोरोनासुराकडून तर तशी अपेक्षाच नाही.

सूक्ष्म गोष्टींचं छायाचित्रण सुरू झालं तेच मुळी हिशेबासाठी. रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’त पिसवेचं भलंमोठं चित्र छापलं, ते हाताने काढलेलं. चित्र सुंदरच, पण हात कुणाचा, त्याने काय गाळलं, काय वाढवलं, हे वाचणाऱ्याला कसं कळावं? रॉबर्ट कोखने १८७७ मध्ये जिवाणूंचे फोटो छापले ते या अडचणीवर उपाय म्हणून. काढणाऱ्याच्या मनातली कल्पना नकळत हातात उतरते, ती भिंगामागच्या काचेवर उतरू नये, असा त्याचा हेतू होता. दीडशे वर्षांनी, संगणकाच्या काळात, आपण पुन्हा हाताने रंगवलेल्या चित्रावर जास्त विश्वास ठेवतो, हा उलटा प्रवास म्हणायला हवा.

आता कोणी म्हणेल, सर, तुमच्या फोटोतही टंगस्टन घातलंच की. रंगकाम इथे आणि तिथे, मग फरक काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्याच गावात आहे.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांतून क्षयाची तपासणी होते. थुंकी काचपट्टीवर पसरतात, लाल रंग देतात, तापवतात, मग आम्लाने धुतात, मग निळा रंग देतात. बाकी सगळं निळं होतं. क्षयाचा जंतू तेवढा लाल राहतो, कारण त्याच्या मेणचट आवरणात शिरलेला रंग आम्लानेही निघत नाही. हा लालही माणसानेच घातलेला आहे. पण तो कुठे टिकेल आणि कुठे निघून जाईल, हे माणूस ठरवत नाही, जंतूची काया ठरवते. तंत्रज्ञ लाल काड्या मोजतो आणि त्या मोजणीवर एखाद्या बाईचं औषध सुरू होतं. हा लाल काम करतो.

दुसरं उदाहरण आपल्या पायाखालचं. गोंदेश्वराच्या भिंतीतला काळा दगड रोज पाहता. तशाच बेसॉल्टची तीन शतांश मिलिमीटर जाडीची चकती घासून केली, तर ती पारदर्शक होते. ध्रुवीकरणाचे दोन आडवे-उभे पडदे लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आत फेल्डस्पारच्या करड्या-पांढऱ्या काड्या आणि पायरॉक्झिनचे निळे, पिवळे, जांभळे तुकडे चमकतात. काळ्या दगडात हे रंग आहेत का? नाहीत. खोटे आहेत का? तेही नाहीत. खनिज कोणतं, त्याची जाडी किती, ते कोणत्या दिशेने कापलंय, यावर तो रंग ठरतो. फिरवलं की नियमाने बदलतो. भूशास्त्राचा विद्यार्थी त्या रंगावरून खनिज ओळखतो.

तेव्हा रंग तीन तऱ्हेचा. वस्तूचा स्वतःचा, हा पहिला. आपल्या मांडणीमुळे उमटलेला पण वस्तूने ठरवलेला, हा दुसरा. आणि बघणाऱ्याच्या सोयीसाठी वरून दिलेला, हा तिसरा. सूक्ष्म विश्वाचे जे देखणे फोटो आपल्या फोनवर येतात त्यात हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कोणता कुठला हे सांगायची तसदी सहसा कोणी घेत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो मुळात कृष्णधवलच असतो. तो रंगीत दिसला की समजावं, रंग मागाहून भरलाय. भरायला हरकत नाही. तळाशी एक ओळ लिहावी, एवढंच मागणं आहे.

इथवर आलो, तर आता मुख्य प्रश्न. पुण्याच्या फोटोत विषाणू ‘दिसला’ असं म्हणता येईल का? आमच्या विषयात यावर मोठा वाद झाला आहे. बास व्हान फ्रासेन यांनी १९८० साली भूमिका मांडली की नुसत्या डोळ्याला जे कधीच दिसू शकत नाही त्याला दृश्य म्हणू नये; सिद्धान्त कामाला येतो एवढं मान्य करा, त्यातल्या अदृश्य वस्तू आहेतच असं मानण्याची सक्ती नको. त्यावर इयन हॅकिंग यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिलं. त्यांचा एक मुद्दा आम्हाला फार पटतो. प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आणि इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक ही पूर्णपणे वेगळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रं. रक्तातल्या एकाच पेशीत दोन्हींना त्याच जागी तेच ठिपके दिसले, तर ते ठिपके यंत्राची करामत कसे असतील? दोन अनोळखी साक्षीदार, एकमेकांना कधी न भेटलेले, एकच हकीकत सांगतात, तेव्हा कोर्टही ऐकतं.

हा विचार आपल्याला परका नाही. न्यायदर्शनात याला प्रमाणसंप्लव म्हणतात, एकाच विषयावर अनेक प्रमाणं येऊन मिळणं. वात्स्यायनाने उदाहरण दिलं ते अग्नीचं. आधी विश्वासू माणूस सांगतो, तिकडे आग आहे. जरा पुढे गेलं की धूर दिसतो, अनुमान होतं. आणखी जवळ गेलं की आग प्रत्यक्षच दिसते. पुण्याच्या त्या नमुन्याचं असंच झालं. आरटी-पीसीआर तपासणीने सांगितलं, विषाणू आहे. जनुकक्रम वाचला, त्याने सांगितलं, हाच तो. मग सूक्ष्मदर्शकात झालरीचा गोल आढळला. तीन वाटा, तिन्ही वेगळ्या, एकाच ठिकाणी पोचल्या. नुसता फोटो काढून समोर ठेवला असता तर तो डाग कशाचाही असू शकला असता. फोटोचं बळ त्याच्या सोबत्यांमुळे.

हे सांगायचं कारण असं की त्या दोन वर्षांत आम्हाला दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणायची, विषाणू कोणी पाहिलाय? सगळं थोतांड आहे. दुसरी म्हणायची, हा बघा फोटो, आता काय बोलता! आणि फोनवर तो लाल चेंडू दाखवायची. दोघांची समजूत एकच : दिसलं तरच खरं. म्हणून पहिल्याने नाकारलं आणि दुसऱ्याने चित्राला पुरावा मानलं. दुसऱ्याच्या बाजूला सत्य होतं, पण ते त्याच्या हाती नव्हतं. उद्या कोणी त्याला सांगितलं की हे चित्र संगणकावर रंगवलेलं आहे, तर त्याचा विश्वास तिथल्या तिथे कोसळायचा आणि तो पहिल्याच्या पंगतीत जाऊन बसायचा. लस घ्यायची की नाही हे ठरवायच्या दिवसांत ही पंगत बदलणं साधी गोष्ट नव्हती.

आता ती राहिलेली तिसरी गोष्ट, गाळण्याची. लाल काट्यांच्या चित्रात विषाणू एकटा आहे. श्वास नाही, थुंकीचा तुषार नाही, कोंदट खोली नाही. सुटी, घट्ट, हाताला लागेलशी वस्तू. अशी वस्तू माणूस कुठे शोधणार? नोटेवर, कडीवर, भाजीवर. आपण भेंडी साबणाने धुतली आणि दारं-खिडक्या लावून वीस जण एका खोलीत बसलो. जागतिक आरोग्य संघटनाही मार्च २०२० मध्ये हा आजार हवेतून पसरत नाही असं सांगत होती, आणि हवेचा मार्ग तिने स्पष्टपणे मान्य केला तो २०२१ मध्ये. याचं सगळं खापर एका चित्रावर फोडणं अन्यायाचं होईल. पण ज्या गोष्टीचं चित्र नसतं तिच्याकडे लक्ष जात नाही, हे आमचं वाचन आहे. हवेचं पोस्टर कोणी रंगवलं?

सव्वाशे वर्षांपूर्वी याच्या उलट झालं होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याचा जंतू दोन वर्षं आधी हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. मुंबईत हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. शास्त्रज्ञांना जंतू भिंगाखाली दिसत होता. लोकांना काय दिसलं? घरात शिरलेले सोजीर, अंगणात फेकलेली भांडीकुंडी. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. तेव्हा लोकांना जंतूचं चित्र कोणी दाखवलं नाही, २०२० मध्ये चित्रच चित्र दाखवलं. समजावून सांगायचं काम दोन्ही वेळा अर्धवट राहिलं.

शेवटी सिन्नरची गोष्ट सांगून थांबतो. माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून गारगोटी संग्रहालय आहे. बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहायला येतात, गावातल्या किती जणांनी पाहिलंय ते हात वर करून विचारत नाही. (हशा) तिथे झिओलाइट ठेवलेत. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे पाणी मुरून हे स्फटिक वाढले. विहीर खणताना, खडीच्या खाणीत ते निघतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट. डोळ्यांचं पारणं फिटतं.

पण त्यांचं खरं गुपित त्या देखणेपणात नाहीच. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला, तर त्यातून पाण्याची वाफ उकळत निघाली, म्हणून नाव झिओलाइट, उकळणारा दगड. या दगडाच्या आत एक नॅनोमीटरहूनही अरुंद भोकं आहेत, ओळीने, चाळणीसारखी. विषाणू त्यापुढे डोंगर! डोळा सोडा, प्रकाशाच्या कुठल्याही भिंगाला ती भोकं दिसायची नाहीत. क्ष-किरण स्फटिकातून कसे विखुरतात त्याच्या गणितावरून ती कळली. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी आपण सगळे धावत होतो, तेव्हा घरोघरी आणलेल्या त्या कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात कारखान्यात बनवलेला झिओलाइटच होता. तो हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो, ऑक्सिजन पुढे जाऊ देतो. त्या भोकांचं पोस्टर कुठल्याही भिंतीवर नव्हतं. नुसत्या डोळ्याने ती कोणी ‘पाहिली’ नव्हती. तरी त्यांच्या जोरावर माणसं श्वास घेत होती.

म्हणून शाळांतल्या शिक्षकांना आमची विनंती आहे. आता कागदी घडीचा फोल्डस्कोप मिळतो, मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, अगदी स्वस्तातला. मोबाइल लावून त्यातून फोटोही घेता येतो. मुलांना तो जरूर द्या. डबक्यातलं पाणी बघू द्या, कांद्याचा पापुद्रा बघू द्या, ‘अरे वा’ म्हणू द्या. मग त्यांना फोटोखाली चार गोष्टी लिहायला लावा : ही वस्तू मुळात केवढी, ती तयार कशी केली, रंग कुठून आला, आणि या चौकटीबाहेर काय राहिलं. पाचवी जरा मोठ्या मुलांसाठी : हेच दुसऱ्या कुठल्या वाटेनं तपासता येईल? वहीत एवढं लिहिणारी पोरं पुढच्या साथीत चित्राला घाबरणार नाहीत, आणि चित्र खोटं ठरलं म्हणून लस नाकारणारही नाहीत, अशी आशा करायला जागा आहे.

वेळ झाली. प्रश्न असतील ते जरूर विचारा, चहा झाल्यावर आम्ही इथेच आहोत.